लिबरेटरचे प्रवासी

२०१९ सालापर्यंत अमेरिकेत एक विचित्र तिकीट मिळत असे. साधारण साडेचारशे डॉलर भरायचे, गावाजवळच्या विमानतळावर ठरल्या वेळी हजर राहायचे, धोक्याची कल्पना असल्याच्या कागदावर सही करायची आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानात बसून अर्धा तास आकाशात चक्कर मारून त्याच धावपट्टीवर परत उतरायचे. कुठे पोचायचे नाही. खिडकीतून दिसणार तीच शेते आणि तेच रस्ते. तरी लोक रांगा लावत. त्यात वडील किंवा आजोबा युद्धात होते असे लोक असत, विमानांचे वेडे असत, आणि वाढदिवसाची भेट म्हणून तिकीट मिळालेले निवृत्त गृहस्थही असत.

हे उड्डाण देणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत नावाजलेली म्हणजे मॅसॅच्युसेट्समधली कॉलिंग्ज फाउंडेशन. तिच्या ताफ्यात दोन मोठी विमाने होती : बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ आणि बी-२४ ‘लिबरेटर’. यातल्या दुसऱ्या विमानामुळे मी या विषयाकडे वळलो. अमेरिकी ध्वजाच्या रंगात न्हालेल्या जत्रेत गावोगाव फिरणारे हे लिबरेटर भारतीय हवाई दलाचे होते. आपल्याकडे त्याने वीस वर्षे नोकरी केली होती. त्याआधी कानपूरच्या भंगारात ते मरणासाठी टाकून दिलेले होते.

ती हकिगत आधी सांगायला हवी. युद्धकाळात अमेरिकेने ब्रिटनला जी युद्धसामग्री ‘लेंड-लीज’ कराराखाली दिली तिची अट साधी होती : युद्ध संपले की वस्तू परत करा, नाहीतर नष्ट करा. भारतातून ब्रह्मदेशावर, रंगूनवर, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर बॉम्ब टाकणारी ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटरे बंगालमधल्या दिग्री, सालबोनीसारख्या तळांवरून उडत असत. जपान शरण आल्यावर ती परत नेण्यात कुणालाच रस नव्हता. कानपूरच्या चकेरी तळावर ती गोळा केली गेली आणि तिथे त्यांची पद्धतशीर मोडतोड झाली. क्रेनने उचलून जमिनीवर आपटणे, इंजिनांत वाळू ओतणे, पत्र्याला भोके पाडणे, उपकरणे फोडणे. पुन्हा कुणी ती उडवू नये एवढाच हेतू.

१९४८ साली नव्या देशाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. बाहेरून विमाने विकत घ्यायला ना पैसा होता, ना कुणी सहज विकायला तयार होते. तेव्हा कुणाच्या तरी मनात कानपूरचा तो ढिगारा आला. काम सोपवले गेले बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात उभा केलेला हा कारखाना. युद्धाच्या उत्तरार्धात तो अमेरिकी सैन्याच्या विमानांचे दुरुस्तीकेंद्र बनला होता, त्यामुळे इथल्या कामगारांचे हात अमेरिकी इंजिनांना सरावलेले होते. कारखान्याच्या माणसांनी कानपूरला जाऊन एका विमानाचा पंख दुसऱ्याला, तिसऱ्याचे चाक चौथ्याला असे करत, बंगळूरपर्यंत कसेबसे पोचू शकेल एवढीच प्राथमिक डागडुजी केली. मग कारखान्याचे प्रमुख चाचणी-वैमानिक जमशेद ऊर्फ जिमी मुन्शी यांनी ती विमाने दक्षिणेला उडवत नेली. मोडून टाकलेल्या, अर्धवट जोडलेल्या विमानात बसून हा माणूस उत्तर प्रदेशातून म्हैसूर संस्थानात गेला. आणि हे त्याने एकदा केलेले नाही. बंगळूरला पूर्ण दुरुस्ती होऊन १९४८ च्या नोव्हेंबरात पहिली लिबरेटरे हवाई दलाला मिळाली. एकूण छत्तीस विमाने अशी पुन्हा उभी राहिली असे कॉलिंग्ज फाउंडेशन स्वतःच्या विमानाच्या इतिहासात नोंदवते. इतर ठिकाणी आकडा थोडा जास्त दिसतो.

त्या नोव्हेंबरात कानपूरला लिबरेटरांची पाचवी तुकडी उभी राहिली आणि पुढे सहावी तुकडी पुण्यात. लोहगावचा तळ अशा रीतीने या विमानांचे घर झाला. बॉम्ब टाकण्याचे काम पुढे जेट विमानांकडे गेल्यावर लिबरेटरांकडे समुद्रावरची टेहळणी आली. इंधन भरपूर मावणारे, तासन् तास हवेत राहणारे विमान या कामाला योग्यच होते. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. जगात लिबरेटर सैनिकी सेवेत ठेवणारे शेवटचे हवाई दल आपले. युद्धकाळात अठरा हजारांवर लिबरेटरे बांधली गेली, एकट्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक बाहेर पडे, आणि अमेरिकेने युद्धानंतर ती जवळजवळ सगळी वितळवून टाकली. म्हणून आज जगातल्या संग्रहालयांत जी पूर्ण लिबरेटरे उभी दिसतात त्यांतली बरीचशी भारतातून गेलेली आहेत. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात, कॅनडात ओटावाला, ॲरिझोनात टूसॉनला.

कॉलिंग्जचे विमान १९४४ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासच्या फोर्टवर्थ कारखान्यात तयार झाले आणि दोनच महिन्यांत ब्रिटिशांच्या हाती गेले. पुढे कानपूर, बंगळूर, भारतीय हवाई दल. १९६८ नंतर तेरा वर्षे ते भारतातच पडून होते. १९८१ साली डग आर्नल्ड नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने ते घेतले, सुटे करून मालवाहू विमानात भरून इंग्लंडला नेले, १९८४ मध्ये ते कॉलिंग्जना विकले. पाच वर्षांच्या कामानंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले. तेव्हा त्यावर नाव रंगवले होते ‘ऑल अमेरिकन’.

हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा हसू आले. नंतर त्यावर पॅसिफिकमधल्या एका तुकडीचे ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ हे चित्र आले, आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’ हे इंग्लंडमधून १३० मोहिमा केलेल्या एका अमेरिकी लिबरेटरचे नाव. ज्या विमानाने अमेरिकी गणवेशातला एकही सैनिक लढाईत नेला नाही ते विमान तीनदा वेगवेगळ्या अमेरिकी विमानांच्या नावाने वावरले. संस्थेने त्याचा भारतीय भूतकाळ लपवला नाही, माहितीपत्रकात तो दिलेलाच असे. पण रांगेत उभ्या माणसाला दिसतो तो पत्र्यावरचा रंग.

आता प्रत्यक्ष उड्डाण. लिबरेटरचे पोट उंच आणि चौकोनी, डब्यासारखे. बॉम्बच्या कप्प्याची दारे खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी बाजूंनी वर गुंडाळली जातात. कप्प्यातून पुढे-मागे जायला मधोमध एक पट्टी असते, जेमतेम नऊ इंच रुंद. दोन्ही बाजूंना फक्त ती पातळ शटरे. त्यांच्यावर माणसाचे वजन पडले तर ती धरून ठेवतीलच याची खात्री नाही, म्हणून प्रवाशांना बजावून सांगितले जाई की पाय पट्टीवरच ठेवा. युद्धात दहा जणांचा ताफा जाड कपडे, हवाई छत्रीचे पट्टे, प्राणवायूची नळी अंगावर घेऊन, वीस-पंचवीस हजार फुटांवर, शून्याखाली तीस-चाळीस अंशांत या पट्टीवरून ये-जा करी. विमानाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. बाजूच्या बंदुकांच्या खिडक्या उघड्या. प्रवाशाला यातले एवढेच मिळे : त्या खिडकीतून येणारा वारा, इंधनाचा आणि तापलेल्या तेलाचा वास, रिव्हेट दिसणारा उघडा पत्रा, आणि शेजारच्याशी ओरडून बोलावे लागेल असा आवाज. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पट्टा बांधून बसायचे, मध्ये फिरायची मुभा. हाडे गोठवणारी थंडी नाही, शत्रू नाही, आठ तास नाहीत.

माझ्या मते खरी गंमत मात्र विमान सुटण्याआधी असते, आणि पुढच्या दुर्घटनेचे बीजही तिथेच आहे. या विमानांची इंजिने ताऱ्यासारखी : मधल्या दांड्याभोवती गोलाकार सिलिंडर. लिबरेटरला दोन रांगांत चौदा, बी-१७ ला एकाच रांगेत नऊ. इंजिन थांबलेले असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच सुरू केले तर दट्ट्या तेलावर आदळतो, तेल दबत नाही आणि आतला दांडा वाकतो. म्हणून सकाळी कर्मचारी एकामागून एक पंख्याची पाती हाताने ढकलत इंजिन फिरवून घेतात. मग एकेक इंजिन खोकत, निळसर धूर सोडत जागे होते.

ठिणगी देण्याचे काम मॅग्नेटो करतो. तो स्वतःच्या लोहचुंबकातून वीज निर्माण करणारा छोटा जनित्र असतो, त्याला बॅटरी लागत नाही. म्हणजे विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहते. प्रत्येक इंजिनाला दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक निकामी झाला तर दुसरा असावा म्हणून. धावपट्टीशी पोचल्यावर वैमानिक इंजिन वाढवून एक-एक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडे घटले तर ठीक, जास्त घटले तर परत फिरायचे.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी कनेक्टिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्जचे बी-१७ तीन कर्मचारी आणि दहा प्रवासी घेऊन निघाले. चौथ्या इंजिनाने सुरू होतानाच त्रास दिला होता, ओलावा गेला असावा असे समजून तो घालवण्याचे उपाय झाले. उड्डाण केल्यावर काही मिनिटांतच वैमानिकाने परत येण्याची परवानगी मागितली. विमान धावपट्टीच्या सुमारे हजार फूट अलीकडे दिव्यांच्या खांबांना धडकले, उजवीकडे भरकटले, बर्फ वितळवण्याच्या द्रवाच्या टाक्यांवर आदळले आणि पेटले. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी गेले. प्रवाशांत एक हवाई राष्ट्ररक्षक दलातला माणूस होता. सवयीने आणलेले आग न लागणारे हातमोजे त्याच्या हातात होते. तापलेले दार उघडून त्याने इतरांना बाहेर पडायला मदत केली.

पुढच्या तपासात जे निघाले ते वाचताना मला विमानापेक्षा आपल्याकडच्या जुन्या बसगाड्यांची आठवण येत राहिली. चौथ्या इंजिनाचा एक मॅग्नेटो पूर्ण निकामी होता आणि दुसरा नऊपैकी चार सिलिंडरांना कमकुवत ठिणगी देत होता किंवा देतच नव्हता. तिसऱ्या इंजिनाच्या सगळ्या स्पार्क प्लगांना साफसफाईची गरज होती, त्यांच्या टोकांतले अंतर मर्यादेबाहेर गेलेले होते, आणि इंधन अवेळी भडकून जळाल्याच्या खुणा आत होत्या. उजव्या पंखावरची दोन्ही इंजिने अशी. मुख्य वैमानिक बी-१७ वर जगात सर्वाधिक तास काढलेल्यांपैकी होता. तपास मंडळाने २०२१ मध्ये ठेवलेला मुख्य ठपका त्याच्यावरच होता : इंजिनाची शक्ती गेल्यावर विमानाचा वेग आणि चाके-फ्लॅप यांची मांडणी त्याने नीट सांभाळली नाही. पण अपुरी देखभाल आणि सुरक्षेची कागदोपत्रीच राहिलेली व्यवस्था ही कारणेही त्याखाली नोंदवली गेली. तोच माणूस संस्थेत देखभालीचाही प्रमुख होता. ज्याने विमान नाकारायचे आणि ज्याने ते उडवायचे ते दोघे एकच असले की ‘आज नको’ कोण म्हणणार?

हे विमान मुळात प्रवासी घेऊच कसे शकत होते, हा प्रश्न इथे येतो. अमेरिकी नियमांनुसार लढाऊ विमानांना मर्यादित किंवा प्रायोगिक वर्गाचे प्रमाणपत्र मिळते आणि त्या वर्गात भाडे घेऊन माणसे नेण्यास बंदी आहे. प्रवासी विमान बांधताना ज्या कसोट्या लागतात त्या यांना कधी लागलेल्याच नाहीत. ही विमाने काही शेकडा तास टिकली तरी पुरे, या हिशेबाने बांधली होती. त्याहून जास्त जगणारी थोडीच होती. पण ती हवेत ठेवायला पैसा लागतो आणि तो देणगीतून पुरत नाही. म्हणून १९९० च्या दशकात हवाई प्रशासनाने ‘जिवंत इतिहासाचा अनुभव’ या नावाखाली अपवाद द्यायला सुरुवात केली : विमान ऐतिहासिक असावे, देखभालीचे आणि प्रशिक्षणाचे दप्तर ठेवावे, प्रवाशाला धोका समजावून सांगावा, मग भाडे घ्यावे. मार्च २०२० मध्ये कॉलिंग्जचा हा अपवाद काढून घेतला गेला. त्या आदेशात ताफा-प्रमुखाला सुरक्षेचे प्रशिक्षणच दिले नव्हते असेही नोंदवले आहे. अपवाद सगळ्या ताफ्याला मिळून होता, त्यामुळे कानपूरहून आलेल्या लिबरेटरलाही भाडे घेऊन प्रवासी नेण्याची मुभा उरली नाही.

जळालेल्या बी-१७ वर ‘नाइन-ओ-नाइन’ असे नाव होते. मूळ ‘नाइन-ओ-नाइन’ने इंग्लंडमधून १४० मोहिमा केल्या आणि युद्धानंतर ते भंगारात गेले. हे विमान वेगळेच. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते तयार झाले, युद्धाला उशीर झाला. १९५२ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांचा विमानांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्याला तीन स्फोटांसमोर उभे केले गेले. मग किरणोत्सार ओसरण्याची वाट पाहून ते विकले गेले आणि वीस वर्षे जंगलातले वणवे विझवत राहिले. मला विचाराल तर या विमानाचा खरा इतिहास १४० मोहिमांइतकाच थरारक आहे. पण अणुस्फोटासमोर बांधून ठेवलेले विमान म्हणून साडेचारशे डॉलरचे तिकीट खपले नसते.

पैसे देऊन उडता येणारे दुसरे प्रसिद्ध विमान म्हणजे कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयातले लँकेस्टर. तेही १९४५ चे, लढाई न पाहिलेले. ते अँड्र्यू मिनार्स्की या कॅनडियन तोफचीच्या विमानाच्या रंगात आहे. १९४४ च्या जूनमध्ये जळत्या विमानात अडकलेल्या सोबत्याला सोडवण्याच्या धडपडीत मिनार्स्की गेला. तो सोबती आश्चर्यकारकरीत्या वाचला आणि त्याच्याच साक्षीवरून मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जगात उडणारी लँकेस्टरे दोनच. दुसरे ब्रिटिश हवाई दलाकडे आहे आणि ते तिकीट विकत नाही.

इंग्लंडमध्ये ईस्ट कर्कबी या जुन्या तळावर तिसरा मार्ग सापडतो. फ्रेड आणि हॅरल्ड पँटन या शेतकरी भावांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर १९४४ च्या मार्चअखेरीस न्यूरेंबर्गच्या हल्ल्यात मारला गेला. त्या एका रात्रीत ब्रिटिशांची पंचाण्णवच्या आसपास विमाने परतली नाहीत. सगळ्या युद्धात त्यांच्या बॉम्बर कमांडचे सव्वा लाख वैमानिक-कर्मचारी लढले, त्यांतले ५५,५७३ मेले. या भावांनी तो ओसाड तळ घेतला, एक लँकेस्टर विकत घेतले आणि वर्षानुवर्षे त्यावर काम केले. ते विमान उडत नाही. चारही इंजिने चालू करून ते गवतावरून धावते, शेपूट थरथरते, आणि आत बसलेल्या प्रवाशांना तेवढ्यासाठी पैसे द्यावे लागतात. जमीन सुटत नाही.

उडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. उभे विमान हे कलेवर असते, इंजिन चालू ठेवायचे ज्ञान इंजिन चालवूनच टिकते, ते हातातून हातात जाते, पुस्तकात मावत नाही. बंगळूरच्या फिटरांनी १९४८ मध्ये जे केले ते अशाच ज्ञानाच्या बळावर. पण त्याला प्रवासी कशाला हवेत? विमान रिकामे उडवता येते. प्रवासी हवेत ते पैशासाठी, आणि मग उड्डाणे वाढतात, वेळापत्रक येते, दहा माणसे सकाळपासून थांबलेली असतात, आणि चौथे इंजिन सुरू होत नसेल तर ते रद्द करणे अवघड होते. ब्रॅडलीला जे घडले ते युद्धाचा अनुभव नव्हता. तो धंद्याचा अनुभव होता.

शिवाय रिकामे उडणेही निर्धोक नाही. २०११ मध्ये इलिनॉयमध्ये ‘लिबर्टी बेल’ नावाचे बी-१७ आग लागून शेतात उतरले, आतली सातही माणसे वाचली, विमान जळून गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या हवाई प्रात्यक्षिकात ‘टेक्सास रेडर्स’ हे बी-१७ दुसऱ्या एका लढाऊ विमानाशी धडकले, सहा जण गेले. पुढच्या वर्षी पंख जोडणाऱ्या भागांना तडे जाण्याचा धोका लक्षात येऊन प्रशासनाने उरलेल्या बी-१७ ची सक्तीची तपासणी सांगितली. ऐंशी वर्षांच्या ॲल्युमिनियमला कंटाळा येतो.

आणखी एक गोष्ट, जी या उड्डाणांच्या कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडली नाही. बॉम्बफेकी विमानाचा अनुभव दोन टोकांना असतो. एक टोक वर, नऊ इंचांच्या पट्टीवर. दुसरे खाली. हँबुर्ग, ड्रेस्डेन, रंगून. शटर वर गुंडाळले गेल्यावर जे खाली पडे त्याचे तिकीट कुणी काढले नव्हते. दिग्रीहून निघालेल्या लिबरेटरांखालून आधी बंगालची गावे जात, जिथे १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती. ‘जिवंत इतिहास’ म्हणताना यातला कुठला भाग जिवंत ठेवायचा हे विमानाला रंग देणाराच ठरवतो.

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर आहे, क्रमांक एचई ९२४. त्यावर परक्याचे नाव नाही, पुढच्या भागावर चित्र नाही. तिरंगी चक्र आणि क्रमांक एवढेच. मी गेलो तेव्हा एका शाळेची सहल आली होती आणि मुले मिगसमोर फोटो काढत होती. लिबरेटरच्या माहितीफलकाशी मी एकटाच उभा होतो. विमानाच्या पोटाखाली वाकून पाहिले तर पत्र्यावर ठिकठिकाणी चौकोनी ठिगळे दिसतात, रिव्हेटांच्या ओळी मूळ ओळींशी थोड्या तिरक्या. त्यांतली कुठली ठिगळे बंगळूरची, हे फलकावर लिहिलेले नाही.